मनाच्या डॉक्टरनं जीभ पाहिली

परंडा
१८ जानेवारी १९४५

तीर्थस्वरूप सौ. शांताक्का यांस,
मलूचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून हातासरशी उत्तर लिहा. घरची खुशाली मागाहून कळवली तरी चालेल. अक्का, मला तुमच्याकडून एक सर्टिफिकेट पाहिजे. तुमच्या ट्रेनिंग कॉलेजच्या छापील कागदावर, शिक्का मारून, इंग्रजीत: कळंबचे आडतदार महालिंगप्पा यांची कन्या चन्नम्मा वेडी नाही. बस, एवढी एक ओळ. तुम्ही पुण्याला राहून मन शिकलात, एम.ए. झालात. आपल्या अख्ख्या गोतात मनावर शिकलेलं माणूस तुम्ही एकटं. तुमच्या सहीपुढं कोण तोंड उघडणार?

झालं असं. संक्रांतीला कळंबला गेलो होतो. गेल्या वैशाखात आमच्या साखरपुड्याला तुम्ही चन्नम्माला पाहिलंत. मी बी.ए. झालो की लग्न, असं ठरलं होतं. ती चन्नम्मा आणि परवाची चन्नम्मा एकच, हे मला कुणी सांगितलं नसतं तर पटलं नसतं. हाताची पाठ काळी, खरबरीत, चुलीत भाजल्यासारखी. गळ्याभोवती तसाच काळा पट्टा. मला पाहून उठली, बसली, पुन्हा उठली. "परीक्षा कधी?" म्हणाली. मार्चात, म्हणालो. जरा वेळानं पुन्हा तेच, "परीक्षा कधी?" पुन्हा सांगितलं. मग कारण नसताना रडायला लागली.

आई नाही तिला, आत्या प्रेमाबाईनं वाढवलं. आत्या सांगत होत्या, डोळ्याला डोळा लागत नाही, आमटीत मीठ दोनदा टाकते, उन्हात आली की हात आग आग होतात म्हणून कोपऱ्यात बसून राहते. त्यांच्या मते बाहेरचं लागलंय आणि गळ्यावरचा पट्टा त्याचीच खूण. दोन ठिकाणचा अंगारा लावून झाला.

आमच्या आप्पांचं तर विचारूच नका. तुमचे मामा म्हणून तुम्हाला त्यांचं कौतुक, पण मला म्हणाले, "वेडी सून उंबऱ्याच्या आत घेणार नाही. शिवरात्र झाली की चार माणसं बसवतो आणि साखरपुडा मोडतो." तिकडं महालिंगप्पांना कुणीतरी सल्ला दिलाय की पोरीला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. मी ताट लाथाडून उठलो तो थेट निघालोच.

ती नाही तर मी एक बैरागी तरी होईन, नाहीतर आप्पांच्या दुकानाला काडी तरी लावीन. अजून ठरलं नाही.

सध्या परंड्याला आहे, मित्राच्या, हिंमतरावाच्या लग्नासाठी. वरच्याच पत्त्यावर लिहा, हैदराबादला माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर लिहू नका.

तुमचा
मल्लिकार्जुन

---

सोलापूर
२३ जानेवारी

चि. मलूस,
अनेक आशीर्वाद.

सर्टिफिकेट मिळणार नाही. हे वाचून पत्र फाडणार असशील तर आधी शेवटपर्यंत वाच.

चूक थोडी माझीही आहे. साखरपुड्यात मामा ज्याला त्याला "ही आमची मनाची डॉक्टरीण" म्हणून सांगत होते आणि मी हसत बसले होते. मी डॉक्टर नाही रे. माझं काम म्हणजे मुलींना वीस शब्द वाचून दाखवायचे आणि किती लक्षात राहिले ते मोजायचं. एखादीचं अभ्यासात मन लागत नसेल तर तिच्याजवळ बसायचं, बोलायचं, ऐकायचं, कुठं अडलंय ते तिच्याकडूनच काढून घ्यायचं. माझ्याजवळ प्रश्न आहेत आणि वही आहे. छाती तपासायची नळी नाही. उद्या मी औषधाची चिठ्ठी लिहिली तर पोलीस दारात येतील आणि बरोबरच येतील. चन्नम्माला आजार आहे की नाही, असेल तर कोणता, हे लिहून द्यायचा मला अधिकार नाही. दिलं तरी त्याला कुणी विचारणार नाही.

तुला पाहिजे तो माणूस वेगळा. तो आधी सगळ्या डॉक्टरांसारखा शरीर शिकतो. मुडदे फाडतो, ताप-खोकले बघतो, आणि मग मनाच्या आजारांकडं वळतो. इंग्रजीत त्याला सायकिअॅट्रिस्ट म्हणतात आणि माझ्यासारखीला सायकॉलॉजिस्ट. नावं ऐकायला जुळी, म्हणून मामांचा आणि तुझा घोळ झाला. असले डॉक्टर आपल्या मुलखात शोधून सापडायचे नाहीत, पण इथं डॉ. उमराणीकर बंगळूरला शिकून आलेत. काल मी त्यांना नाव न घेता तुझ्या पत्रातली सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं होतं स्वप्नं विचारतील, घरात कोण रागावतं ते विचारतील. त्यांनी विचारलं, "जीभ कशी आहे? पोट बरोबर आहे का? खाते काय?"

तेवढं कळवशील? आणि तिला इथं आणायचं बघ.

हिंमतरावाला आशीर्वाद. मुहूर्त कधीचा आहे?

शांताक्का

---

परंडा
२८ जानेवारी

ती. सौ. अक्कास,

जीभ? इथं लोक म्हणतात तिचं डोकं फिरलं आणि तुमचा तो बंगळूरचा पंडित जीभ विचारतो?

रागावू नका, पण रागच आलाय. एवढी वर्षं पुण्याला राहिलात ती काय पोरींना वीस शब्द वाचून दाखवायला? मग तुमच्या सायकॉलॉजीचं काय लोणचं घालायचं? एक ओळ लिहायची हिंमत होत नाही तुमची. भ्यालात, एवढंच मला दिसतं.

आणि त्या उमराणीकराचं नाव काढू नका. वेड्यांच्या डॉक्टरच्या पायरीवर पोरगी एकदा दिसली की शिक्का बसलाच. महालिंगप्पांच्या जातभाईंपैकी कुणी ना कुणी सोलापूरच्या बाजारात असतंच. दुसऱ्या दिवशी कळंबभर होईल. त्याचा धंदाच माणसं कोंडायचा. तो का म्हणून सांगेल की ही शहाणी आहे?

कळंबला जाऊन जीभ बघणं मला जमणार नाही. आप्पांचं तोंड बघायचं नाही आणि अभ्यासही आहे. हिंमतरावाचं लग्न जरा लांबलं.

जेवण जात नाही. हिंमतरावाची आई म्हणते, ह्याला प्रेमाबाईकडंच पाठवा, ह्यालाबी बाहेरचं लागलंय.

मल्लिकार्जुन

---

कळंब
६ फेब्रुवारी

चि. मलूस,
अनेक आशीर्वाद.

पत्ता बघून दचकू नकोस. तुझ्या लोणच्याचं वाचलं आणि चार दिवसांची रजा टाकली. कुर्डुवाडीला छोट्या गाडीत बसले, येडशीला उतरले, तिथून बैलगाडी. मामांकडं उतरले आहे, पण दिवसभर चन्नम्माजवळ असते.

पहिल्या दिवशी ती बोललीच नाही. मीही बोलायला लावलं नाही. प्रेमाबाईंनी तुरीची डाळ निवडायला दिली होती, ती दोघींनी निवडली. दुसऱ्या दिवशी तिला म्हणाले, जीभ दाखव बघू. दाखवली. लालभडक, सालटं निघालेली. तिखट लागलं की डोळ्यात पाणी येतं, आणि खाते मात्र तिखटच.

हे मला कळलं ते जेवताना. प्रेमाबाईंनी तिच्या ताटात आमटी, दही, पालेभाजी सगळं वाढलं आणि भाकरी आणायला आत वळल्या. तेवढ्यात हिनं आमटी पातेल्यात परत ओतली, दही मांजरापुढं केलं, भाजी माझ्या ताटात टाकली. भाकरी आल्यावर मीठ नि लाल तिखट घेऊन मुकाट्यानं जेवली. घरच्यांना वाटतं ती सगळं जेवते. मांजर मात्र चांगलंच माजलंय.

का, असं मी विचारलं नाही. नवस बोलून दाखवला की वाया जातो, हे मीही याच गोतात वाढल्यामुळं जाणते. म्हणून म्हणाले, "का ते सांगू नकोस. कधीपासून, एवढंच सांग."

"वैशाखापास्नं."

"आणि कुठवर?"

तिनं ज्वारीच्या पिठाचे कण ताटाच्या कडेला लोटले. मग म्हणाली, "पास होईतो."

मलू, या घरात परीक्षेला बसलेलं माणूस एकच आहे, आणि ते जावई होणार आहे.

महालिंगप्पांना डॉक्टरचं सांगितलं. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "अक्का, असल्या दारात गेलेली पोरगी परत न्हाय येत." मी म्हणाले, मी दाराशी बसते. पोरगी परत नाही आली तर मला कोंडा. त्यावर प्रेमाबाई पहिल्यांदा हसल्या. शुक्रवारी आम्ही निघतोय. डॉक्टर काय म्हणतो ते कळेपर्यंत मामा साखरपुडा न मोडता थांबायला कबूल झाले आहेत.

आता तुझ्याकडं वळते. तीन आठवडे चाललेलं लग्न मी अजून पाहिलं नाही. बी.ए.ची परीक्षा महिन्यावर आली असताना तू परंड्याला काय करतोस? मला खरं लिही. आता हे तुझ्या-माझ्यापुरतं राहिलेलं नाही.

शांताक्का

---

परंडा
१० फेब्रुवारी

अक्का,

हिंमतरावाचं लग्न दोन वर्षांपूर्वीच झालं. त्याला मुलगी आहे.

मी कॉलेज सप्टेंबरातच सोडलं. वसतिगृहात जेवणावरून तकरार झाली, मी पुढं होतो. रेक्टर म्हणाले, माफीनामा लिही. चार ओळींचा माफीनामा. मी दौत भिंतीवर फोडली आणि ट्रंक उचलली. तेव्हा वाटलं मोठा मर्द आहे मी. आधीही मन लागत नव्हतंच, अर्थशास्त्राच्या वहीत तिचं नाव लिहून लिहून पानं भरली होती. त्यानंतर घरी कोणत्या तोंडानं जाऊ? इथं एका वकिलांच्या हाताखाली लोकांचे अर्ज, उर्दू दरख्वास्ती, लिहितो. संक्रांतीला गेलो तो हैदराबादहून आल्याचं सोंग घेऊन गेलो.

म्हणजे ती माझ्या पास होण्यासाठी भाकरी-मिठावर राहिली आणि मी परीक्षेला बसणारच नव्हतो. तो नवस कधीच सुटला नसता. अक्का, ती अशी किती वर्षं राहिली असती? तुमचं पत्र आल्यापासून हे एकच डोक्यात आहे. काल एका शेतकऱ्याच्या दरख्वास्तीत त्याच्या नावाच्या जागी चन्नम्मा लिहिलं. वकीलसाहेबांनी कागद तोंडावर फेकला.

एक करा. तिला सांगा, मी पास झालो. तार आली म्हणा. ती जेवायला लागेल. मग पुढचं पुढं. तुम्ही सांगितलं तर ती विश्वास ठेवेल, तुम्ही शिकलेल्या आहात. पाया पडतो.

मलू

---

सोलापूर
१४ फेब्रुवारी

चि. मलूस,

आधी चांगलं सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. चन्नम्मा वेडी नाही. हे मी नाही, ज्यांना म्हणायचा अधिकार आहे त्या डॉ. उमराणीकरांनी सांगितलंय आणि कागदावर सहीनिशी लिहूनही दिलंय.

त्यांनी जीभ पाहिली, हात उलटसुलट पाहिले, गळ्याच्या पट्ट्यावर बोट फिरवलं, गुडघ्यावर हातोडी मारली. मनाचं शेवटी विचारलं, तेही दोन-चारच प्रश्न: आज वार कोणता, बाहेर कोण बसलंय, झोप कधीपासून गेली. मग मला विचारलं, "ही खाते काय?" मी ताटाचं सांगितलं तशी त्यांनी लेखणी खाली ठेवली. या आजाराला पेलाग्रा म्हणतात. पुस्तकात मक्यावर जगणाऱ्या मुलखांचं नाव आहे, पण नुसत्या ज्वारीवर नऊ-दहा महिने काढल्यावर तेच झालं असावं, असं त्यांचं मत. अन्नात जे पाहिजे ते मिळालं नाही की आधी कातडी जाते, मग पोट, मग झोप, मग डोकं. परदेशात असे रोगी वेडे म्हणून वर्षानुवर्षं कोंडलेले असत, म्हणाले.

महालिंगप्पांनी तीनदा विचारलं, "म्हंजे वेडी न्हाय?"

"वेडी नाही, उपाशी आहे," डॉक्टर खेकसले. "घरात धान्याची पोती आणि पोरगी उपाशी! काय आडतदार तुम्ही?"

एवढं बोलणं खाऊन इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता. कोपरीच्या बाहीनं डोळे पुसत होते आणि हसत होते.

गोळ्या सुरू झाल्या आहेत. चौथ्या दिवशीच ती मला म्हणाली, "अक्का, तुमच्या घरातलं घड्याळ लई मोठ्यानं वाजतंय." म्हणजे तिला आता बाहेरचं ऐकू यायला लागलं. गोळी म्हणजे अन्न नव्हे असा तिचा हिशेब, म्हणून ती घेते. दुधाला मात्र हात लावत नाही. डाळीलाही नाही. मी डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "गोळ्यांनी ती आत्ता सावरेल. पण जेवण सुधारलं नाही तर दोन महिन्यांनी पुन्हा इथंच. ती जेवत का नाही, हे मला नळी लावून ऐकू येत नाही. ते तुम्ही बघा."

मी बघितलंय, मलू. मला कारण माहीत आहे, पण उपाय माझ्याजवळ नाही. तू सांगतोस ते खोटं मी बोलणार नाही. परीक्षा मार्चात आहे हे तूच तिला संक्रांतीला दोनदा सांगितलंस. आणि उद्या तिला कळलं की ती पुन्हा मिठाकडं वळेल, तेव्हा माझं ऐकणार नाही आणि डॉक्टरचंही नाही.

हे पत्र मिळेल त्या दिवशी निघ. तू स्वतः सांग. मी घरात असणार नाही.

शांताक्का

---

परंडा
२७ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मुद्दाम कॉलेजात गेलात, म्हणून तेव्हा काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. लिहितो.

मी उभ्याउभ्याच बोललो. सप्टेंबर, रेक्टर, दौत, परंडा, सगळं. ती भिंतीला टेकून बसली होती. चेहऱ्यावर पहिलं तेज बरंच आलेलं, म्हणून मला आणखीच भीती वाटली. ऐकून झाल्यावर ती बोटं मोजायला लागली.

"दसरा. दिवाळी. संक्रांत," म्हणाली. "दिवाळीत आत्यानं बेसनाचे लाडू केले. म्या वासावर काढली दिवाळी. आन् तुमी तवा कॉलेज सोडून बसला व्हता?"

व्हय, म्हणालो.

"संक्रांतीला माझ्यापुढं मार्च म्हणलात."

व्हय.

"दोन डाव म्हणलात."

मी म्हणालो, दोन डाव. आणखी काय म्हणणार?

ती उठली. मला वाटलं आत जाऊन दार लावून घेणार. ती तुमच्या चुलीपाशी गेली, दुधाचा पेला भरून आणला आणि माझ्या तोंडाकडं बघत बघत सगळा प्यायली. मग दुसरा भरून आणला. तोही तसाच. असल्या नजरेनं दूध पिताना मी कुणाला पाहिलं नाही. अक्का, मला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती आणि एवढा आनंदही झाला नव्हता.

मग तिची एकच धास्ती, नवस ज्याला बोलली त्या देवाची: "रामलिंगाला काय सांगू?" मी म्हणालो, राहिलेला नवस मी चालवतो, आजपासून भाकरी नि मीठ. गोळ्यांची दुसरी बाटली आणायला गेलो तेव्हा डॉक्टरांनाही तसं सांगितलं. त्यांनी मला दारापर्यंत हाकललं. "एक बरी होतेय तोवर दुसरा! बाहेर हो!" भला माणूस आहे. त्याला मी कोंडणारा म्हणालो होतो.

संध्याकाळी चन्नम्माला न्यायला महालिंगप्पांबरोबर आप्पा आले, त्यांनाही मी सगळं सांगितलं, ते तुम्ही पाहिलंच. त्यांनी थोबाडीत दिली, दाढ अजून दुखते. "पोरगी शहाणी निघाली महालिंगप्पा, वेडा आमच्याच घरात होता," असं ते म्हणाले तेव्हा तुम्ही तोंडाला पदर लावलात, मला दिसलं.

पण पुढचं तुम्हाला माहीत नाही. कुर्डुवाडीला गाडी बदलताना महालिंगप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बी.ए. जावई म्हणून पोरगी दिली होती. आता पोरीला विचारतो आणि कळवतो." आधी आमची माणसं मोडायला निघाली होती, आता त्यांच्या हातात आहे. मी भांडलो नाही. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. निजामाच्या हद्दीच्या नाक्यावर जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या शिपायानं गोळ्यांची बाटली उघडून हुंगली, तरी भांडलो नाही.

लोणच्याचं बोललो ते मागं घेतो. डॉक्टर आणि तुम्ही यांत मला काही फरक दिसत नव्हता. त्यांनी तिची जीभ पाहिली आणि तुम्ही तिचं ताट पाहिलं, दोन्ही पाहिलं नसतं तर ती आज पुण्याच्या त्या इस्पितळात असती.

कळंबहून अजून काही आलं नाही. टपालवाला माझ्याकडं बघून लांबूनच मान हलवतो.

मलू

---

कळंब
१९ मार्च

परंड्याच्या पत्त्यावर चन्नम्माचा नमस्कार.

नाव घ्यायचं न्हाय म्हणून कागदावरबी लिहीत न्हाय. पाकिटावरचं नाव बाबांनी लिहिलंय. आत्याला विचारून लिहिते. शाळा चवथीतच सुटली, चुका असतील त्या असतील.

हातावरली काळी साल निघाली. खालून नवी कातडी आलीय, तान्ह्या पोराच्या टाचेवानी. जीभ बरी हाय. रोज दूध, तुरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी. आत्या पुढ्यात बसून खायला लावते. मांजर दिवसभर वरडत फिरतंय, त्येचं दही बंद झालं.

नवसाचं आमच्या मठातल्या अय्यास्नी विचारलं. ते म्हणले, ज्या परीक्षेला कुणी बसलंच न्हाय त्या परीक्षेचा नवस कसला? सोमवारी येडशीला जाऊन रामलिंगाला नारळ फोडला. तिथंच आत्यानं पिशवीतनं लाडू काढला. म्या दोन खाल्ले.

बाबांनी मला विचारलं. पाच दिवस म्या जबाब दिला न्हाय. राग व्हता. अजून हाय. तुमी कॉलेज सोडलं त्येचा न्हाय. बी.ए. पाहिजे व्हता तो थोरल्यांस्नी. मला तुमास्नी जे पाहिजे ते पाहिजे व्हतं, म्हणून म्या तो नवस बोलले. खोटं सांगितलंत त्येचा राग हाय. म्या नवस लपवला, तुमी कॉलेज लपवलं. अक्का म्हणल्या, दोघं सारखेच. पर म्या तुमच्यासाठी लपवलं, हे ध्येनात ठेवा.

वकिलाकडलं काम सोडू नका. तिथं भांडू नका. भांडण झालंच तर आदी मला लिहा, मग भांडा.

सहाव्या दिवशी बाबांस्नी म्हणलं, तारीख काढा. वैशाख वद्यात निघतीय. तुमचे आप्पा काल येऊन गेले, लई गोड बोलले. बाबांनी डॉक्टरचा कागद काढून त्यांच्या म्होरं धरला, तर म्हणले, मला इंग्रजी येत न्हाय, ठेवा तुमच्यापाशीच.

आन् एक. परवा म्या दिवेलागण झाल्या झाल्या झोपले ती सकाळी उन्हं अंगणात आली तरी उठले न्हाय. आत्या घाबरली. जवळ येऊन तिनं माझ्या नाकापुढं हात धरला. श्वास चाललेला बघून तिथंच बसली आन् दुकानातनं बाबांस्नी हाळी मारली, "दादा, हळू बोला, पोरगी झोपलीय."

चन्नम्मा